नेट स्लो आहे: चिपळूणच्या एका लाइनमनचा दिवस

सकाळी ६.४५

पावसाळ्यातला सोमवार. चहा हातात येण्याआधीच मोबाइलवर तक्रारी येऊन पडलेल्या असतात. रविवारी नेट गेलं तर लोक कुरकुर करतात. सोमवारी गेलं तर कोणाचा दिवसाचा पगार अडकतो, कोणाचा तास बुडतो. चिपळूण आणि आसपासच्या गावांत आता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम घरी बसून करणारी बरीच माणसं आहेत. कोणी आईवडिलांसाठी गावी राहिलंय, कोणी शहरातलं भाडं झेपेना म्हणून परत आलंय. आम्ही ओढलेल्या बारीक ड्रॉप वायरवर त्यांचं ऑफिस चालतं, म्हणून हे काम मी मन लावून करतो.

तक्रारी दोन जातीच्या असतात. एक, "नेट गेलं". दुसरी, "नेट स्लो आहे". पहिलीचं निदान सोपं. मोडेमवर एलओएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही, कुठेतरी वायर तुटली आहे. स्लो नेटचं मूळ मात्र शोधावं लागतं. म्हणून फोनवरच तीन गोष्टी विचारून घेतो. लाल दिवा आहे का? घरात सगळीकडे स्लो आहे की एकाच खोलीत? लॅपटॉप वायरने जोडला तरी स्लो आहे का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं: "दादा, वायर तर कधी लावलीच नाही."

यादी लावताना ज्याची परीक्षा किंवा कामाची वेळ आधी, त्याचं घर आधी. आज पाग भागातल्या एका मुलीची दहाला ऑनलाइन परीक्षा आहे आणि तिच्याकडे लाल दिवा लागलाय. पहिला नंबर तिचा.

सकाळी ८.००

घरामागच्या फणसावरून आमची वायर गेलेली. माकडांनी लोंबकळून ती तोडली आहे. कोकणात हे नेहमीचं. मधे जोड देण्यापेक्षा खांबावरच्या बॉक्सपासून नवी ड्रॉप ओढली आणि या वेळी फांद्यांपासून लांब, भिंतीच्या कडेने घेतली. टोकाला कनेक्टर बसवला आणि मोडेमला लावण्याआधी पॉवर मीटरला लावला. आकडा आला उणे १९.

हा आकडा प्रत्येक ग्राहकाला कळावा असं मला वाटतं. प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि घरात येईपर्यंत ती उण्यात असते. उणे १८ ते २० म्हणजे छान. उणे २५ च्या खाली गेली की आम्ही सावध होतो. उणे २८ च्या आसपास मोडेमला प्रकाश धडपणे वाचता येत नाही. मग नेट कधी येतं, कधी जातं, आणि लोक त्यालाच स्लो म्हणतात. दर तीन डीबीला ताकद निम्मी होते, म्हणून दोन-तीन आकड्यांचा फरकही मोठा. तुमच्या घराचा आकडा ऑफिसच्या स्क्रीनवर बसल्या जागी दिसतो. फोन करून "आमची पॉवर किती येते?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ताकद घरातही वाया जाते. कनेक्टर दोन रंगांचे येतात. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवा निळ्यात बसतो, पण आतल्या काचा नीट टेकत नाहीत आणि तीन-चार डीबी तिथेच जातात. शिवाय कपाट सरकवताना मागची वायर दुमडून दाबली जाते. आत १२५ मायक्रॉन जाडीची काच आहे. तीव्र वळणावर प्रकाश बाहेर निसटतो. वायर जास्तीची असेल तर मोठं वेटोळं करून टांगा, घडी घालू नका.

नऊच्या सुमाराला दिवा हिरवा झाला. मुलीने परीक्षेचं पान उघडून बघितलं. तिला सांगितलं, "ताई, मोबाइल पूर्ण चार्ज करून शेजारी ठेव आणि हॉटस्पॉटला लॅपटॉप एकदा जोडून बघ. मधे काही झालंच तर शोधाशोध नको." परीक्षा किंवा मुलाखत असलेल्या प्रत्येक घराने ही तयारी ठेवावी.

सकाळी १०.१५

गोवळकोट रोडजवळचं जांभ्याच्या चिऱ्यांचं जुनं घर. भिंती दीड फुटाच्या. घरातल्या वहिनी पुण्याच्या कंपनीचं काम मागच्या खोलीतून करतात. मीटिंगमध्ये त्यांचा आवाज तुटतो आणि पलीकडची माणसं पुन्हा पुन्हा "तुमचं ऐकू येत नाही" म्हणतात. चांगलं काम करणाऱ्या माणसाला रोज हे ऐकावं लागणं त्रासाचं असतं. काका १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० करायला निघाले होते. म्हटलं, "काका, आधी मोजू."

माझा लॅपटॉप मोडेमला वायरने जोडला. ९४ आले. शंभराच्या प्लॅनला हे पूर्ण आहेत, पाच-सहा टक्के डेटाच्या वेष्टणात जातातच. मग तोच लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि वायफायवर मोजलं. सहा. म्हणजे कंपनीपासून ओटीपर्यंत नेट पुरं येत होतं आणि ओटीपासून टेबलापर्यंत संपत होतं. २०० चा प्लॅन घेऊनही त्या खोलीत फार काही वाढलं नसतं.

कारणं समोरच होती. राउटर टीव्हीच्या शोकेसमध्ये, काचेच्या दारामागे. मधे चिऱ्याच्या दोन भिंती, त्याही पावसात ओल धरलेल्या, आणि एका भिंतीला लोखंडी कपाट. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं, लोखंड त्या परतवतं. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतून थोडाफार पार होतो, पण वेग कमी देतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत आली की पटकन थकतो. म्हणून राउटर असलेल्या खोलीत ५ ला जोडायचं आणि लांबच्या खोलीत २.४ ला.

राउटर शोकेसमधून काढून माजघराच्या दारावर, डोक्याच्या उंचीला लावला. घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, लोखंडापासून दूर. एवढ्यानेच मागच्या खोलीत बत्तीस आले. पण ज्या टेबलावर पगाराचं काम चालतं तिथे वायफायच्या भरवशावर राहू नये असं माझं ठाम मत आहे. वाशांच्या कडेने कॅट-सिक्स वायर नेऊन वहिनींच्या टेबलाशी सोडली. एका व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, मात्र ते सतत आणि न अडखळता मिळावे लागतात. ती हमी वायर देते. खर्च साधारण एका महिन्याच्या बिलाइतका, तोही एकदाच.

काकांनी ऑनलाइन मागवलेला रिपीटर दाखवला. तो मागच्या खोलीतच लावलेला होता. जिथे सिग्नल आधीच मेलेला, तिथे रिपीटर तोच मेलेला सिग्नल पुढे पाठवतो. तो वाटेत, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावावा लागतो. त्यातही स्वस्त रिपीटर एकाच पट्टीवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. मोठ्या घराला खरा उपाय म्हणजे दुसऱ्या टोकाला दुसरा राउटर आणि दोघांच्या मधे वायर.

दुपारी १२.१५

खेर्डीची इमारत, तिसरा मजला. इथे प्लॅन ३०० चा आणि वायरवरही नेमके ९४ येतात. हा आकडा पाहिला की अर्धं निदान झालं. कुठलीतरी कडी १०० वर अडकली आहे: जुन्या राउटरचं पोर्ट, किंवा आठपैकी काही तारा तुटलेली वायर. लॅन वायरीत चार जोड्या असतात. दोन जोड्या शाबूत असल्या तरी नेट चालतं, पण १०० च्या पुढे जात नाही. आठही तारा लागल्या तर हजारापर्यंत जाऊ शकतं.

टेस्टर लावला. चौथा आणि पाचवा दिवा लागेना. टोक कापलं, वरचं आवरण बोटाच्या पेराएवढं सोललं, पिळलेल्या जोड्या सोडवून सरळ केल्या आणि क्रम लावला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही टोकं एका रेषेत कापून जॅकमध्ये ढकलली, समोरून आठ तांबडे ठिपके दिसले तेव्हाच क्रिम्पर दाबला. आता २८० च्या वर.

वायफाय तरीही कमी. मोबाइलवरच्या अॅपमध्ये शेजारच्यांची नेटवर्कं बघितली तर एकावर एक चढलेली. २.४ च्या पट्टीत एकमेकांना न खेटणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीतले बहुतेक राउटर ६ वर बसले होते. यांचा ११ वर नेला, लॅपटॉप आणि टीव्ही ५ वर टाकले. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्याच आसपास चालतो, म्हणून राउटर स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हलवला.

निघताना घरातल्या मुलाने विचारलं, "काका, ३०० चा प्लॅन आहे, मग आताही फाइल ३७ नेच का उतरते?" प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल मेगाबाइटमध्ये दिसते. आठ बिटांचा एक बाइट. ३०० भागिले ८, साडेसदतीस. हिशोब बरोबर होता आणि नेटही.

दुपारी १.४५

डबा खाताना लाइट गेली आणि लगेच दोन फोन आले. पावसात इथे लाइट जाणं नवं नाही. आमच्या ऑफिसला बॅटरी आहे, खांबावर प्रकाश घराघरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला विजेची गरजच नसते. त्यामुळे घरातल्या मोडेमला वीज मिळाली तर नेट चालू राहतं. त्यासाठी छोटा डीसी यूपीएस येतो. मोडेमच्या अॅडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचून तसाच घ्यायचा. दोन-चार तास सहज निघतात. घरून काम करणाऱ्याने प्लॅन वाढवण्याआधी हा घ्यावा.

दुपारी २.४५

खेंडमधलं घर. ताई ऑनलाइन शिकवण्या घेतात. तक्रार अशी, की स्पीड टेस्ट उत्तम येते पण तास सुरू असताना मुलांना त्यांचा चेहरा गोठलेला दिसतो. इथे मी स्पीड बघितला नाही, पिंग बघितला. पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागलेला वेळ. शांत असताना ८ मिलिसेकंद. मग ताईंचे यजमान कामावरून आले, त्यांचा मोबाइल घरच्या वायफायला जोडला गेला आणि पिंग ५०० च्या पुढे गेला.

त्यांचा मोबाइल दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ वर चढवत होता. जोडीला अंगणातला कॅमेरा सतत चित्रण पाठवत होता. अपलोडची वाट भरली की परशुराम घाटात पुढे ट्रेलर असताना मागे दुचाकीही खोळंबते तसं होतं: ताईंचा आवाज म्हणजे डेटाची चिमूट, पण तीही रांगेत थांबते. डाउनलोडची टेस्ट त्या वेळी चांगलीच दिसते, म्हणून हा दोष भल्याभल्यांना सापडत नाही.

फोटोंचा बॅकअप रात्री, चार्जिंगला असतानाच व्हावा असं सेटिंग केलं. कॅमेऱ्याचा दर्जा एक पायरी उतरवला. राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कोणाच्या डेटाला आधी वाट द्यायची ते ठरवायचं सेटिंग, होतं, तिथे एकूण अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधली आणि ताईंच्या लॅपटॉपला पहिला मान दिला. पुन्हा सगळं एकदम चालू करून बघितलं. पिंग २० च्या आसपास राहिला. साडेतीनचा तास सुरू झाला तेव्हा मी दारातच उभा होतो. पलीकडून मुलांची उत्तरं एका दमात येत होती.

दुपारी ४.१५

दसपटीतली एक वाडी. इथे आमची फायबर अजून पोचलेली नाही. खांब आहेत, पण मधली दरी आणि झाडी ओलांडायची बाकी आहे. बारावीच्या मुलाचा क्लास मोबाइलच्या रेंजवर चालतो. त्याच्या वडिलांनी आपुलकीने बोलावलं होतं, "काही होत असेल तर बघा."

मोबाइलच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो, तोही उण्यात. घरात उणे ११६ होता. उणे ११० च्या खाली काम कठीण. मोबाइल हातात धरून घराभोवती फिरलो. टॉवरच्या दिशेच्या माळ्याच्या खिडकीत उणे ९८ मिळाले. एकाच घरात एवढा फरक. सिम घालायचा फोरजी राउटर, बाहेर अँटेना लावता येईल असा, त्या खिडकीत ठेवायचा आणि तिथून वायर खाली अभ्यासाच्या टेबलाला. तोवर जुना मोबाइल त्याच खिडकीत चार्जरला लावून हॉटस्पॉट करून दिला.

दुसरा उपाय सवयीचा. थेट तासाला चित्राचा दर्जा ३६० वर ठेवायचा, आपला कॅमेरा बंद. रेकॉर्ड केलेले तास पहाटे उतरवून घ्यायचे, तेव्हा टॉवर मोकळा असतो. टिपणं पीडीएफमध्ये मागवायची.

२०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्ग-रत्नागिरीतली मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसायची, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पावसात छत्री धरून तास करणारी मुलं होती. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. पण पंचायतीच्या दारापासून वाडीतल्या अभ्यासाच्या टेबलापर्यंतचं अंतर आजही मोठं आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली गेली. ज्या घरात दोन मुलं एकाच वेळी तासाला बसतात त्यांना २ पुरत नाहीत. ग्रामसभेत पाणी आणि रस्त्याबरोबर या वायरीचाही विषय निघायला हवा. पंचायतीत फायबर आली आहे का, चालू आहे का, वाडीला कधी मिळणार, हे प्रश्न लेखी द्यावेत.

संध्याकाळी ६.१५

महामार्ग ६६ च्या कडेला जेसीबीने आमची चोवीस कोअरची, म्हणजे आत चोवीस काचेचे धागे असलेली, केबल तोडली. एका फटक्यात अनेक घरांत लाल दिवा. पाऊस सुरू, म्हणून दोन्ही टोकं गाडीच्या डिकीत घेतली आणि काच सांधायचं मशीन आतच मांडलं.

इथे घाई चालत नाही. स्ट्रिपरने वरचा रंगीत लेप काढायचा. उघडी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायची, हलकी करकर ऐकू आली की ती स्वच्छ झाली. क्लीव्हरने टोक काटकोनात कापायचं. दोन्ही टोकं मशीनच्या खाचेत ठेवली की पडद्यावर ती मोठी होऊन दिसतात आणि मशीन त्यांना समोरासमोर आणतं. मग ठिणगी पडते, काच वितळून एक होते आणि आकडा येतो: ०.०२ डीबी. तुटल्याचा जवळजवळ मागमूस राहत नाही. आधीच ओवून ठेवलेली स्लीव्ह सांध्यावर सरकवून भट्टीत आवळायची. हे चोवीस वेळा, रंगाला रंग लावून: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. मग दुसऱ्या नळीत पुन्हा निळ्यापासून.

धूळ राहिली किंवा टोक तिरकं कापलं गेलं तर सांधा लागतो, पण अर्धा-एक डीबी खातो. अशा चार सांध्यांनी पुढच्या घराची पॉवर उतरते. म्हणून ०.०५ च्या वर गेलेला सांधा मी तोडून पुन्हा करतो. आठच्या पुढे ऑफिसमधून फोन आला, सगळ्या घरांत नेट परत आलं.

रात्री ९.१५

आता सगळ्या घरांत टीव्ही, मालिका, गेम. ही वेळ आमच्या परीक्षेची. ऑफिसमधल्या जीपॉन या फायबर यंत्रणेच्या एका पोर्टवरून साधारण अडीच गिगाबिट येतं आणि ते स्प्लिटरने बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलं जातं. त्यामागे कंपनीने घेतलेली मोठी लाइनही सगळ्यांत वाटलेली असते. एका पोर्टवर जास्त घरं कोंबली किंवा मागची लाइन अपुरी घेतली की रात्री वेग बसतो. हा दोष ग्राहकाच्या घरात सापडणार नाही आणि राउटर बदलून जाणारही नाही. तो पुरवठादाराने दूर करायचा.

ओळखायचं कसं? लॅपटॉप वायरने जोडून सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ अशा तीन वेळांना मोजा. दोन-तीन दिवस आकडे वहीत लिहा. तिन्ही वेळा वायरवर पूर्ण वेग येत असेल तर दोष घरात आहे, वर सांगितलेले उपाय करा. सकाळी पूर्ण आणि रात्री निम्मा येत असेल तर ती वही पुरवठादारापुढे ठेवा. "नेट स्लो आहे" या तक्रारीला उडवून लावता येतं, वेळ-तारखेसह लिहिलेल्या आकड्यांना नाही.

आणि खर्च करायचाच असेल तर क्रम हा ठेवा. आधी वायर लावून मोजा. मग राउटर मध्यावर, उंच, उघड्यावर आणा. कामाच्या आणि अभ्यासाच्या टेबलाला वायर द्या. बॅकअप रात्रीवर टाका. लाइट जात असेल तर यूपीएस घ्या. एवढं करूनही कमी पडलं तरच प्लॅन वाढवा. मी ज्या घरांत जातो त्यांतल्या बहुतेकांना त्या शेवटच्या पायरीची गरज पडत नाही.